डोर्नेनवाइलरचं गायरान

श्रीपाद नलवडे यांनी चौतीस वर्षं ग्रामसेवकाची नोकरी केली, खटाव आणि माण तालुक्यांतली अकरा गावं सांभाळली, आणि निवृत्त झाल्यावर तिसऱ्या वर्षी मे महिन्यात बायकोला घेऊन लेकीकडे जर्मनीला आले. तीन महिन्यांसाठी. लेक मीनल एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरातूनच करायची. जावई दत्ता सकाळी साडेसहाला गाडी काढून नेकारसुल्मच्या कारखान्यात जायचा. शहरात घर मिळेना म्हणून दोघांनी अर्ध्या तासावरच्या डोर्नेनवाइलर नावाच्या खेड्यात घर विकत घेतलं होतं. चारशे वस्ती. एक चर्च, एक बसथांबा, आणि बसथांब्यावर दिवसातून पाच बस.

पहिला आठवडा श्रीपादरावांनी झोपून काढला. दुसऱ्या आठवड्यात त्यांना काही सुधरेना. कुसुमताईंनी मागच्या अंगणात मेथी पेरली, कोथिंबीर पेरली, शेजारणीशी खाणाखुणांनी ओळखही करून घेतली. श्रीपादरावांकडे मात्र कुणी दाखला मागायला येईना की तक्रार घेऊन येईना. मग ते गावभर हिंडू लागले, आणि हिंडता हिंडता त्यांच्या नजरेला वेशीवरची पिवळी पाटी पडली. वर मोठ्या अक्षरांत डोर्नेनवाइलर आणि खाली बारीक अक्षरांत दुसऱ्याच गावाचं नाव.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला. "दत्ताराव, हे तुमचं गाव स्वतंत्र आहे की दुसऱ्याला जोडलेलं?"

दत्ता म्हणाला, "बाबा, आय थिंक पूर्वी सेपरेट गेमाइंड होतं, म्हणजे स्वतःची ग्रामपंचायत. मग ग्रोसहाइलिंगेन शहरात मर्ज झालं. सत्तरच्या आसपास."

"ग्रामसभेचा ठराव झाला होता?"

"आल्झो… ते मला कसं माहीत असणार, बाबा?"

"चार वर्षं राहता तुम्ही इथं," श्रीपादराव म्हणाले. कुसुमताईंनी दत्ताच्या पानात जास्तीची पोळी वाढली. नवऱ्याच्या बोलण्यावर तोच एक उतारा त्यांना ठाऊक होता.

गावाच्या मधोमध जुनी दुमजली दगडी इमारत होती. तिच्यात आता कुत्र्यांचे केस कापायचं दुकान होतं. समोर बाक, आणि बाकावर रोज दहा वाजता एक म्हातारा येऊन बसायचा. एबर्ले त्याचं नाव, वय शहाऐंशी. पँटला पट्टा होता, वर गॅलिसही होते, म्हणजे माणूस कुठलाच धोका पत्करणारा नव्हता. श्रीपादराव दोन दिवस त्याच्या शेजारी नुसतेच बसले. तिसऱ्या दिवशी एबर्लेनी दुकानाकडं काठी केली आणि म्हणाला, "राटहाउस."

एवढा शब्द श्रीपादरावांना बसच्या पाटीवरून कळत होता. पंचायत कचेरी. दुकानातून एक पांढरं कुत्रं गुलाबी रिबीन बांधून बाहेर पडलं. दोघांनीही मान हलवली.

मग एबर्लेनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, शिक्का धरावा तशी मूठ वळली, तिच्यावर हाऽ करून फुंकर घातली आणि ती धाडकन मांडीवर आपटली. श्रीपादराव उठून उभेच राहिले. मग परत बसले, तशीच मूठ वळली, फुंकर घातली आणि मांडीवर आपटली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. साता समुद्रापलीकडं श्रीपादरावांना दुसरा ग्रामसेवक भेटला होता.

शनिवारी मीनलला दुभाषी म्हणून नेलं. एबर्लेच्या स्वयंपाकघरात टेबलावर एक करडी फाइल होती आणि शेजारी सफरचंदाचा केक. केक मीनलनं खाल्ला, फाइल श्रीपादरावांनी.

गावाला पूर्वी स्वतःचा महापौर होता, शाळा होती, आग विझवायचा पंप होता आणि गावच्या मालकीचा वळू होता. "बाबा, महापौर म्हणजे आपला सरपंचच," मीनल म्हणाली. "आणि एबर्ले त्याचे राटश्रायबर."

"ते कळलं मला. पुढं."

पुढं असं, की बाहत्तर साली वरून सांगणं आलं: लहान गावांनी मोठ्यात सामील व्हावं. आत्ता आपणहून आलात तर तुमच्या अटी मान्य, नंतर कायद्यानं ओढू तेव्हा अटी नाहीत. गावानं मतदान घेतलं. एकशे एकतीस विरुद्ध, चौसष्ट बाजूनं. तरीही जावं लागलंच. मग एबर्लेनी टाइपरायटरवर चौदा कलमांचा करार टाइप केला आणि त्र्याहत्तरच्या एक जानेवारीला गाव संपलं. वळूही ग्रोसहाइलिंगेनच्या गोठ्यात गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो दावं तोडून चार किलोमीटर चालत घरी आला. परत नेला, परत आला. तीन वेळा. शेवटी शहरानं नाद सोडला.

"त्या वळूला एकट्याला कळलं होतं," एबर्ले म्हणाला.

चौदातली तेरा कलमं पन्नास वर्षांत कुरतडली गेली. शाळा बंद पडली, कचेरी विकली गेली, पंप संग्रहालयात गेला. उरलं अकरावं. उताराकडचं दोन एकराचं कुरण गावाच्याच वहिवाटीत राहील. मात्र गावकऱ्यांनी ते दर वर्षी चोवीस जूनच्या आत हातानं कापलं पाहिजे, यंत्र न लावता. एक वर्ष जरी चुकलं तरी शहराला त्या जागेचं हवं ते करायची मुभा.

"गायरान," श्रीपादराव म्हणाले. "मीनल, विचार त्यांना, शहराला तिथं काय करायचंय?"

"पार्किंग, बाबा. इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगचं."

"अतिक्रमण!" श्रीपादराव म्हणाले. त्याचं भाषांतर मीनलनं केलं नाही, पण एबर्लेला ते पोचलं असावं. त्यानं केकचा मोठा तुकडा कापून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

वर्ष नेमकं वाईट होतं. मे महिनाभर पाऊस पडला आणि गवत कमरेला लागलं. जूनच्या सुरुवातीला गारा झाल्या, उताराच्या खालच्या अंगाचं अर्धा एकर गवत आडवं झोपलं. मग एकाएकी ऊन तापलं, पस्तीस अंश. कापणारे एके काळी चौदा जण होते. आता एकाच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, दोघं वारलेले, बाकीचे कुणी मुलांकडं, कुणी समुद्रावर. राहिले तीन. त्यातल्या एक फ्राउ हेफनर, म्हणजे हेफनरबाई, वय अडुसष्ट, गावच्या निवडून आलेल्या प्रमुख. हे पद असं होतं की त्यांना शहराकडं फक्त विनंती करता यायची.

वीस तारखेला फायर ब्रिगेडच्या खोलीत सभा झाली. पंचवीस माणसं आली होती. फ्राउ हेफनर म्हणाल्या, तिघांच्यानं चार दिवसांत होणार नाही, अजून हात पाहिजेत. सगळे आपापल्या बिअरच्या ग्लासात बघू लागले.

श्रीपादराव उभे राहिले. मीनलनं त्यांचा शर्ट खाली ओढला, पण त्यांनी आयुष्यात तीनशेच्या वर ग्रामसभा केल्या होत्या. शर्ट ओढल्यानं ते बसणारे नव्हते.

"मी शेतकऱ्याचा मुलगा आहे," ते म्हणाले. "गावाचं गायरान म्हणजे गावाचा प्राण. उद्या पहाटे पाचला मी हजर राहीन. सांग त्यांना."

मीनलनं सांगितलं. सगळ्यांनी एकदम टेबलावर बोटांच्या पेरांनी ठोकायला सुरुवात केली. श्रीपादराव चपापले. माण तालुक्यात लोक टेबल ठोकू लागले की मागच्या दारानं निघायची वेळ झालेली असे.

"टाळ्या आहेत त्या, बाबा. इथं असंच करतात. पण तुम्ही शेवटचं गवत कधी कापलंय?"

"रक्तात असतं ते," श्रीपादराव म्हणाले. घरी आल्यावर हेच कुसुमताईंनी विचारलं, तेव्हा मात्र ते तोंड धुवायला गेले.

पहाटे ते दत्ताची अर्धी चड्डी घालून कुरणावर पोचले. एबर्ले दगडावर पाती घासत बसला होता. त्यानं त्यांच्या हातात झेन्झ दिली. खांद्याएवढा दांडा, त्याला दोन मुठी आणि खाली हातभर लांब वाकडं पातं. उभ्यानं, कमरेतून डुलत कापायचं. फ्राउ हेफनरनी दाखवलं. त्यांनी पातं असं फिरवलं की कुशीवर वळल्यासारखं गवत पडलं.

श्रीपादरावांनी दांडा घट्ट धरला, मागं नेला आणि जोरानं आणला. पात्याचं टोक जमिनीत वीतभर घुसलं. उपसून काढलं. दुसऱ्यांदा पातं गवताच्या वरून गेलं आणि त्यांची स्वतःची एक गिरकी झाली. तिसऱ्यांदा चिचुंद्रीनं उकरलेला मातीचा ढीग कापला गेला, तो मात्र व्यवस्थित. एबर्ले उठला, त्यानं पातं पुसलं, परत धार लावली, परत हातात दिलं. असं सात वेळा झालं. आठव्या वेळी कमरेत कट्कन काहीतरी झालं आणि श्रीपादराव होते तसेच, वाकलेले, राहिले. पुढं होता येईना, मागं होता येईना.

तेवढ्यात कुसुमताई थर्मासमधून चहा घेऊन वर आल्या.

"अहो, काय शोधताय?"

"काही नाही."

"मग असे का उभे?"

फ्राउ हेफनर आणि एबर्लेनी दोन बाजूंनी धरून त्यांना सफरचंदाच्या झाडाखाली टेकवलं. कुसुमताईंनी नवऱ्याला चहा दिला, पदर खोचला आणि कुरणाकडं पाहिलं. खालच्या अंगाला, गारांनी झोपवलेल्या पट्ट्यात, दोन म्हातारे झगडत होते. आडव्या गवतावरून त्यांची लांब पाती नुसती घसरत होती.

"असं कुठं होत असतं का? ह्याला बसून कापावं लागतं," कुसुमताई म्हणाल्या. एबर्लेच्या लाकडी पेटीत तळाला एक जुना विळा होता. त्यांनी तो काढला, अंगठ्यावर धार पाहिली, दगडावर चार वेळा ओढला आणि उकिडव्या बसल्या. डाव्या हातात मूठभर गवत, उजव्या हातानं विळा खालून. सर्र. मूठ बाजूला. सर्र. बसल्या बसल्याच पुढं सरकत त्यांनी पात धरली. दहा मिनिटांत त्यांच्या मागं साफ कापलेली वाट दिसू लागली, आणि वाटेच्या कडेला एकसारख्या पेंढ्या.

दोघं म्हातारे थांबले. फ्राउ हेफनर थांबल्या. एबर्लेनी डोळ्यांवर हात धरला.

श्रीपादरावही बघत होते. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. त्यातली चौतीस ते नोकरीच्या गावी खोली करून राहिले आणि शनिवारी घरी आले. घरी चार म्हशी होत्या. शनिवारी गोठ्यात वैरण असायचीच. ती कुठून येते, याचा त्यांनी दप्तरी अंगानं कधी विचार केला नव्हता.

"कुसुम," त्यांनी झाडाखालून हाक मारली, "तुला किती वेगात जमतंय हे!"

"आत्ता दिसलं होय?" कुसुमताई मागं न बघता म्हणाल्या. "चहा प्या, निवतोय."

दुसऱ्या दिवशी गावातल्या पाच बायका आपापल्या छपरांतून गंजके विळे शोधून घेऊन आल्या. त्यांना उकिडवं बसता येईना. गुडघे तयार नव्हते. मग त्यांनी गाई दोहायची तिपाई स्टुलं आणली. स्टूल ठेवायचं, हाताला येईल तेवढं कापायचं, उठायचं, स्टूल पुढं सरकवायचं. कुसुमताई पुढं आणि मागं ही स्टुलांची वरात. कुसुमताई मराठीत सांगायच्या, "मूठ लहान धर गं. बोट सांभाळ. हां, आता कसं!" आणि त्या बायका "याऽ, याऽ, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, करत तस्संच करायच्या. भाषांतराला आलेली मीनल लॅपटॉप मांडीवर घेऊन सावलीत बसून राहिली. तिला कुणी काही विचारलंच नाही.

श्रीपादरावांना तिसऱ्या दिवशी सरळ होता आलं. त्यांना पेंढ्या गोळा करायचं काम मिळालं. गवताचं कुसळ शर्टात, मानेवर घामाची खाज, तळव्याला फोड. त्यांनी एक पेंढी उलटी रचली तर कुसुमताईंनी ती काढून परत त्यांच्याच हातात दिली.

चोवीस तारखेला अकराच्या सुमाराला शेवटचा कोपरा उरला होता, तेव्हा रस्त्यावर एक छोटी पांढरी गाडी थांबली. शहराच्या कचेरीतले हेर वेंट, म्हणजे वेंटसाहेब, उतरले. पस्तिशीचा, स्वच्छ बुटांचा माणूस, हातात टॅबलेट. त्यांनी कुरणाचे फोटो घेतले, मग स्टुलांचे, मग बराच वेळ कुसुमताईंकडं बघत राहिले.

"या बाई कोण?"

"माझी आई," मीनल म्हणाली.

"यांची आनमेल्डुंग इथली आहे?"

गावात नाव नोंदलेलं आहे का, असा प्रश्न. मीनल "नाही" म्हणाली. पाहुणीचं कसलं नाव नोंदलेलं असणार?

हेर वेंटनी खेदानं मान हलवली. करारात गावकऱ्यांनी कापावं असं आहे. खालचा पट्टा मुख्यतः बाहेरच्या व्यक्तीनं कापलेला दिसतो. म्हणजे अट पुरी झाली नाही. शिवाय प्रवासी व्हिसावर काम करता येत नाही. बाईंना मजुरी किती मिळते?

मीनलनं आईला विचारलं.

"मजुरी?" कुसुमताई घाम पुसत म्हणाल्या. "गवत कापायची? मला कधी कुणी दिली?"

मीनलनं ते जसंच्या तसं सांगितलं. स्टुलांवरच्या पाचही बायका एकदम हसल्या, आणि मग परत खाली वाकून कापू लागल्या. हेर वेंटनी टॅबलेटवर काहीतरी खोडलं.

"ठीक आहे, व्हिसाचं सोडा. पण गावकरी?"

तेव्हा एबर्लेनी करडी फाइल उघडली. अकराव्या कलमावर त्यानं बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं. करार बाहत्तर सालचा असला तरी हे वाक्य त्यानं गावच्या दोनशे वर्षं जुन्या कागदावरून उतरवलं होतं: गावातले कुटुंबप्रमुख आणि त्यांचं गेझिंड.

"गेझिंड म्हणजे?" श्रीपादरावांनी विचारलं.

मीनल घुटमळली. "म्हणजे बाबा… घरात राहणारी, घरचं जेवणारी आणि घरचं काम करणारी माणसं."

"म्हणजे नातेवाईक."

"नाही. म्हणजे… गडी."

हेर वेंट म्हणाले, गेझिंड आता अस्तित्वात नाही. एबर्ले म्हणाला, माझं गावही अस्तित्वात नाही, पण कागदावर दोन्ही आहेत. हेर वेंटनी टॅबलेट बगलेत धरला. मग म्हणाले, तर मग लेखी द्या. ही दोघं श्री. दत्ता यांच्या घरचे गडी आहेत, असं सहीनिशी.

सगळ्यांच्या माना श्रीपादरावांकडं वळल्या. ऊन मी म्हणत होतं. त्यांच्या वडलांनी लेकीच्या घरी कधी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ते स्वतः इथं आल्यापासून दत्तानं आणलेल्या भाजीचे पैसे द्यायला बघत होते. आणि आता जावयाचा गडी म्हणून सही करायची? तीही परक्या मुलखात, सरकारी माणसासमोर?

"बाबा, राहू दे," मीनल हळूच म्हणाली. "दत्ताला पण आवडणार नाही."

श्रीपादरावांनी एबर्लेकडं पाहिलं. म्हातारा फाइल छातीशी धरून उभा होता. चौदातलं शेवटचं कलम.

"कागद आणा," श्रीपादराव म्हणाले. "आणि साधा नको. पंचनामा करायचा तर पंचनाम्यासारखा करू."

फ्राउ हेफनरनी गाडीतून फायर ब्रिगेडच्या जत्रेचं पोस्टर आणलं. त्याच्या कोऱ्या पाठीवर, उलट्या टोपलीवर टेकवून, श्रीपादराव लिहू लागले. आज रोजी, दिनांक चोवीस जून, मौजे डोर्नेनवाइलर येथील गायरानाच्या जागेवर समक्ष हजर राहून. चतुःसीमा: पूर्वेस ओढा, पश्चिमेस डांबरी रस्ता, दक्षिणेस फ्राउ हेफनर यांची सफरचंदे, उत्तरेस चर्च. गवत हाताने कापले असून यंत्राचा वापर आढळून आला नाही. खाली सही करणार श्रीपाद बाबूराव नलवडे, श्री. दत्ता यांचे घरगडी. इथं त्यांचं पेन क्षणभर अडलं, मग पुढं गेलं. प्रत्येक ओळ मीनल जर्मनमध्ये खाली लिहीत होती, आणि एबर्ले तिच्या खांद्यावरून वाचत, दर स्वल्पविरामाला मान डोलावत होता.

"आता पंच क्रमांक दोन," श्रीपादराव म्हणाले. "कुसुम श्रीपाद नलवडे, वय सत्तावन्न, व्यवसाय…" त्यांचा हात सवयीनं चालला. आजवर शेकडो बायकांच्या नावापुढं त्यांनी एकच शब्द लिहिला होता.

"काय लिहिताय?" कुसुमताई वाकून बघत होत्या.

"घरकाम."

"शेती लिहा."

श्रीपादरावांनी वर पाहिलं. कुसुमताईंच्या हातात अजून विळा होता, आणि नखांतून गवताचा हिरवा रस.

त्यांनी 'घ' वर दोन रेघा मारल्या, नियमाप्रमाणे शेजारी छोटी सही केली आणि पुढं लिहिलं: शेती.

कुसुमताईंनी विळा खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. मग स्टुलांवरच्या पाच बायकांनी, दोन म्हाताऱ्यांनी, फ्राउ हेफनरनी आणि सर्वांत शेवटी एबर्लेनी. हेर वेंटनी तो कागद उलटा धरला, सुलटा धरला, पोस्टरवरचं बिअरचं चित्र पाहिलं आणि विचारलं, याचं अधिकृत भाषांतर मिळेल का? मग पाचही बायका स्टुलं उचलून त्यांच्याभोवती येऊन बसल्या. ते म्हणाले, नको, चालेल. बारा वाजायच्या आत कोपरा कापून झाला आणि त्यांनी त्याचाही फोटो घेतला. आठवड्यानं शहराचं पत्र आलं: या वर्षापुरती कलम अकराची पूर्तता झाली आहे.

पण ते नंतर. त्या दिवशी दत्ता कामावरून परत येईपर्यंत बातमी चर्चपासून बसथांब्यापर्यंत पोचली होती. तीन जणांनी त्याला रस्त्यात थांबवून हात मिळवला होता. तो दारातच उभा राहिला, चेहरा लाल.

"बाबा, हे काय ऐकतोय मी? तुम्ही माझे… असं कसं लिहून दिलंत? लोक काय म्हणतील? माझी आई काय म्हणेल?"

श्रीपादराव खुर्चीत कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते. ते दोन्ही हातांनी रेटा देत उठले.

"मालक आले," ते म्हणाले. "चहा टाकू का?"

दत्ता मटकन पायरीवर बसला. आतून कुसुमताईंचा आवाज आला, "चहाचं राहू द्या. मालकांना आधी सांगा, उद्या रजा टाका म्हणावं. गवत उलटायचंय, आणि गडी कमरेतून गेलाय."

दत्तानं फोन काढला आणि साहेबाला मेसेज लिहायला घेतला. कारण काय द्यावं, यावर बराच वेळ त्याचा अंगठा हवेतच राहिला.